दाखवायचं बाथरूम

शाळा चालवणाऱ्या मॅडमनी पिशवी दोन बोटांत धरून माझ्यासमोर लांब केली. आत माझ्या मुलीची ओली चड्डी आणि मोजे. शाळा सुटण्याची वेळ, फाटकापाशी पंधरा-वीस आईबाप. मुलगी पाच वर्षांची. कुणाचीतरी ढगळ पँट घालून उभी, माझ्याकडे न बघता.

"या आठवड्यात तिसऱ्यांदा," मॅडम म्हणाल्या. मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या हैदराबादच्या बरकतपुऱ्यात वकिली करत आल्या. शाळेच्या माहितीपत्रकात हे अभ्यासक्रमाच्याही आधी छापलेलं आहे. "घरात वळण नसलं की असं होतं. शेतातली सवय. उद्यापासून डायपर घालून पाठवा."

शेत आमच्या आजोबांनीच सोडलं. माझं गौलीगुड्यात बियाण्यांचं दुकान आहे. तरी "सॉरी मॅडम," म्हणालो.

मुलगी अडीच वर्षांची असतानाच स्वतः सांगायला लागली होती. तरी मी डायपर आणला. बायको म्हणाली, "अहो, मोठी आहे ती आता." मी तिच्यावरच खेकसलो. सकाळी मुलीचे पाय धरून मीच तो चढवला. रडली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी लघवीला जळजळ. नल्लकुंट्याच्या डॉक्टरबाईंनी मला सोडून तिलाच विचारलं, "बेटा, स्कूल में सू-सू कहाँ जाते?"

"नई जाते. ताला है."

डॉक्टरबाईंनी औषध लिहिलं, डायपर बंद करायला सांगितलं. "तासन् तास दाबके रखती. फिर छूट जाता. बच्ची की गलती नहीं."

दुसऱ्या आठवड्यात, अकरा वाजता शाळेत गेलो. आया फरशी पुसत होती. "साब, ये बाथरूम नये पेरेंट्स को दिखाने का है. बच्चे गंदा करते बोलके चाबी मॅडम के पास. पीछे एकच है, उधर लाइन रहती."

दारावर हसरं बदक, कडीला कुलूप. आत गुडघ्याएवढी कमोडं. प्रवेश घेताना आम्हालाही हेच दाखवलं होतं. तेव्हा बदक बघून मी फॉर्मवर सही केली होती. मी, दर पोत्यातलं बी मुठीत घेऊन पारखणारा.

मॅडम एका नव्या जोडप्याला घेऊन आल्या. कुलूप उघडलं. मी वर्गातून मुलीला आणलं.

"हिला सू करायची आहे."

"आत्ता पाहुणे आहेत. नंतर."

"नंतर नंतर करूनच आजारी पडली."

"तुमच्या लोकांना कुठे काय बोलावं—"

"जा," मी मुलीला म्हणालो. ती गेली. मी दारात उभा राहिलो. तिनं भरपूर वेळ घेतला. पाहुणे छताकडे बघत होते.

घरी जाताना तिला सांगितलं, चूक माझी होती. तिनं नुसती मान हलवली. माफ केलं म्हणाली नाही.

शाळा बदललेली नाही. बदलली तर दुसऱ्या कुणाचं तरी पोर दाबून बसेल. रोज अकराला दुकान नोकरावर टाकून शाळेत त्या दारापाशी येऊन उभा राहतो. कुलूप निघेपर्यंत येईन. शाळा बघायला आलेल्या प्रत्येकाला, त्यांनी विचारलं नाही तरी, या कुलपाबद्दल सांगेन.