भिंतीवर अजून तम्मुज

आमच्या खोलीतला एलोजी गेल्याचा निरोप बोटीनं आला. अलिबागेहून सुट्टी संपवून आलेले हसनचाचा अबुधाबीतल्या आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि हातातली पेटी खाली न ठेवताच म्हणाले, “त्याच्या भावानं सांगायला सांगितलंय. ताप डोक्यात चढला... आब महिन्याच्या पहिल्या चंद्राला गेला.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिथं अजून त्याच्या आधीचा महिना, तम्मुज होता. आब लागायला अवकाश होता. मग माझ्यासारख्या शहाण्याच्या तोंडून काय निघावं? “चाचा, म्हणजे अजून गेला नाही तो!” चाचांनी पेटी ठेवली, मला जवळ घेतलं.

गेल्या वर्षी असं पहिलं कॅलेंडर मीच आणलं होतं, यंदाचं त्याच्याच जोडीचं. एका इराकी दुकानदारानं चहाच्या खोक्याबरोबर फुकट दिलेलं. खोलीत आम्ही सगळे कोकणी मुसलमान, एकटा एलोजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांच्या घरातला. धर्माचं तो खोलीबाहेर बोलत नसे. मला अरबी वाचता येतं हे जगाला दाखवायची मोठी खाज, म्हणून मी खड्या आवाजात वाचू लागलो, “नीसान, अय्यार... तम्मुज, आब, एलूल...” दाढी करणारा एलोजी गालावरच्या फेसासकट वळला. “मुल्लाजी, हे माझे महिने तू कुठून आणलेस?”

मग स्वतःच हसला. “तसे आमचे तरी कुठले? आमचे पूर्वज बहुतेक पहिला महिना, दुसरा महिना असंच मोजायचे. त्यांना धरून बाबेलला, म्हणजे आताच्या इराकात नेलं, सुटून आले ते तिथली नावं तोंडात घेऊन. तम्मुज तर त्या लोकांचा देव!”

“देव? आणि तुम्ही ठेवून घेतलात?”

“परमुलखात राहिलेला माणूस काय काय घेऊन परततो, ते त्याच्या हातात असतं होय? तू घरी गेलास की बायकोला ‘चल’ म्हणायच्या ऐवजी ‘यल्ला’ म्हणतोसच ना!”

नवव्या आबचा त्यांचा उपास, त्यात बिरडं हवंच म्हणून त्यालाच ते बिरड्याचा सण म्हणतात. मी कॅलेंडर बघून नेमकं त्या दिवशी वालाचं बिरडं रांधलं. वाल असे कडक, की चावताना खोलीभर आवाज. एलोजी खात राहिला. संपल्यावर म्हणाला, “आमचे महिने चंद्रावर चालतात रे. इराक्यांनी तीच नावं इंग्रजी महिन्यांना चिकटवलीत. माझा उपास केव्हाच झाला.” आणि पुन्हा ताट पुढे केलं. “दिवस चुकला, पण महिना कुणाला तरी आठवला...”

यंदा तम्मुज लागताच सुट्टीवर निघाला, तेव्हा दाढीच्या फेसाचं बोट पानाला लावून बजावून गेला, “पान उलटत जा हां, नाहीतर परत आल्यावर मला वर्ष सापडायचं नाही.”

चाचांनी नंतर एकदा, जेवता जेवता सांगितलं. शेवटच्या तापात तो सारखं ‘यल्ला, यल्ला’ म्हणत होता. भाऊ विचारत होता, हा शब्द कुठला?

आता बाहेर एलूल लागलाय. खोलीतले ओरडतात, “अरे, पान उलट!” मी उद्या उलटतो म्हणतो. तम्मुजच्या कोपऱ्याला त्याच्या दाढीच्या फेसाचा वाळलेला डाग आहे... आणि त्या पानावर एलोजी अजून जायचा आहे.