बाभळीजवळून काढलेला फोटो

लेन्स जुनीच घेतली. नवीन जालन्यात मी ज्या बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे, त्याच्या शेजारी फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या चाचांनी ती माझ्या कॅमेऱ्याला बसवून दिली आणि म्हणाले, "दूर का सब नजदीक आ जाता. बस, उजाला होना." सगळी प्लास्टिकची, हातात घेतली तर खेळणंच वाटावं. पाखरांसाठी घेतली, असं घरी सांगितलं. तारेवरचे वेडे राघू काढलेही, मोसंबीच्या बागेतली खारही काढली. पण शेवटी आईवर येऊन थांबलो.

आईला हल्ली विसरायला होतं, असं आम्ही आधी म्हणायचो. आता ती मला ओळखत नाही, असं सरळ म्हणतो. जवळ गेलं की अंग चोरते. "कोन पाह्यजे तुम्हाला?" विचारते. पोटच्या पोराला तुम्ही! खोलीत तिचा फोटो काढायला जावं, तर लेन्सही नुसती घरघर करते. हातभर अंतरावरचं या लेन्सला स्पष्ट धरताच येत नाही. दोघींपुढे मी हात टेकले.

पण लांबून आई मला ओळखायची. बदनापूरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून मी शेतांमधल्या पांदीच्या रस्त्यानं चालत घरी येतो. वळणावरची बाभळ ओलांडली, की ओट्यावर बसलेली आई मान वर करायची. एकदा सहज लेन्समधून पाहिलं, तर ती हसत होती. असं हसताना तिला पाहून किती दिवस झाले होते! मी येड्यासारखा पळतच सुटलो. ओट्यापाशी पोचेपर्यंत चेहरा कोरा. "कोन पाह्यजे?"

मग त्या हसण्याचा फोटो मला पाहिजेच झाला. ती अजून माझी आई आहे, याला एक तरी पुरावा नको? पण दुकान सुटून घरी येईस्तोवर अंधारायचं, आणि ही स्वस्तातली लेन्स दिवेलागणीला आंधळी. रोज फोटो हललेला. पिवळट भिंत आणि तिच्यापुढं लुगड्याचा एक डाग. राग यायचा, लेन्सचा, मालकाचा, लवकर बुडणाऱ्या सूर्याचासुद्धा. शेवटी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारीच निघालो. बाभळ ओलांडून थांबलो, श्वास धरला, बटण दाबलं. फोटो लख्ख आला. तोंडभर हसू, एक हात डोक्याशी गेलेला.

रविवारी थोरली बहीण आली. तिला मोठ्या तोऱ्यात दाखवला. "पाह्य, मला ओळखती का न्हाई?"

ती बराच वेळ पाहत राहिली. मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाली, "पदर घेऊन राह्यली रे ती. लेकराला पाहून कुनी पदर घेतं का?"

मी पुन्हा पाहिलं. डोक्याशी गेलेला हात पदर पुढं ओढत होता.

"बाबा याच वाटेनं यायचे," बहीण म्हणाली. "चाल बी बराबर त्यायचीच हाय तुझी."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला, आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही. एवढं एक हसू माझ्या वाट्याला उरलंय असं धरून चाललो होतो, तेही माझं नव्हतं. फोटो पुसून टाकायला घेतला. पुसवला नाही. बहीण चहा ठेवायला आत गेली आणि मी तिथंच बसून पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना कॅमेरा पिशवीतून काढला नाही. बाभळ ओलांडली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तिचा हात डोक्याकडे गेला, तेवढं दिसलं. मी ओट्यापाशी पोचलो की वडीलही जाणार होते, आणि मी तर तिथं नव्हतोच. जमेल तितका हळू मी चालत राहिलो.