टांगा आधी की मोटार?

लातूरच्या एका वाचनालयात मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. रोज संध्याकाळी कागदाची कात्रणं झाडून घरी जायचो. किस्से मात्र झाडता येत नाहीत, ते साठतात. आणि वैशाली यायला लागल्यापासून तर ढीगच झाला!

* * *

वैशाली मूळची देवणीची, कॉलेजात शिकवते. पहिल्याच दिवशी म्हणाली, “जुन्या मासिकांतल्या भुताच्या गोष्टी पाहिजेत. पीएच.डी. करायलेय.”

ग्रंथपाल जोशीसरांनी चष्मा वर केला. “भुतांवर? मग गाईड कोण, मांत्रिक?”

“न्हाई सर. आमच्या गाईडला भुतं बी भितात!”

* * *

दुपारी ती वाचायची. मी, जोशीसर आणि तिला स्टँडवरून आणणारा ऑटोवाला हबीबभाई ऐकायचो.

एका गोष्टीत टांग्यात बाई बसते. टांगेवाल्याला काहीच वाटत नाही. घोडा मात्र थांबतो आणि मागं बघतो. एवढंच! किंकाळी नाही, रक्त नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला.

हबीबभाई म्हणाला, “ताई, ही मोबाईलवर ऐकली मी. तिथं ऑटो हाय!”

“हाव, अशीच पसरली ती. आधी टांगा, मग दुसऱ्या मासिकात मोटार, आता ऑटो.”

हबीबभाई विचारात पडला. “पर घोड्याला कळतं, मागं कोण बसलंय. माझ्या ऑटोला काय कळणार?”

वैशालीनं ते वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या स्टँडला खबर, हबीबभाईचा एक सवाल पीएच.डी.त गेला!

* * *

गाईडनं मात्र अडवलं. “टांगा आधी, मोटार नंतर, हे कशावरून? महिन्यात पुरावा आणा, नाही तर प्रकरण काढा.” आणि सगळा प्रबंध त्याच प्रकरणावर उभा!

महिना-वर्ष असायचं मासिकाच्या कव्हरवर. आमच्या बांधीव खंडांत एकही कव्हर नव्हतं, पाठीवर सालही नव्हतं.

वैशालीनं मला विचारलं, “मामा, कव्हरं कुणी काढली?”

“मी.”

तेव्हा तशीच पद्धत होती. बारा अंकांचा एक खंड. कव्हरं ठेवली तर खंड फुगतो, म्हणून ती फाडायची.

जोशीसर म्हणाले, “मामा, एका खंडात बारा मुडदे गाडलेत तुम्ही!”

हबीबभाई हसला. मला हसू आलं नाही. वैशालीलाही नाही.

* * *

घरी गेल्यावर आठवलं. पुठ्ठा पातळ असला की त्यावर रद्दी डकवून तो जाड करायचो. रद्दी म्हणजे तीच कव्हरं!

सकाळी जोशीसरांपुढं उभा राहिलो. “खंड उसवायचेत.”

“मामा, हात थरथरतात तुमचे. पुस्तक फाटलं तर?”

“फाडलं तेव्हा हात थरथरत नव्हते, सर.”

त्यांनी कपाटाची किल्ली दिली.

ओलं फडकं ठेवायचं, खळ सुटेपर्यंत थांबायचं, नखानं एकेक पदर उचलायचा. हबीबभाई रोज डोकवायचा. “मामा, भूत निघालं?”

“न्हाई. केशतेलाची जाहिरात निघाली.”

अठराव्या दिवशी दोन्ही गोष्टींच्या अंकांची कव्हरं मिळाली. वर महिना-वर्ष, खाली गोष्टींची यादी. आणि सगळंच उलटं! मोटारीची गोष्ट आधीची. टांग्याची दोन वर्षांनंतरची.

मला वाटलं, पोरगी आता रडणार. ती कव्हरं घेऊन उठली.

“मामा, मोटारीला कळत न्हाई, म्हणून दुसऱ्या लेखकानं मुद्दाम घोडा आणला! भीती तिथं वाढली. प्रकरण नव्यानं लिहिते.”

बारा दिवस उरले होते. तिनं लिहिलं.

* * *

नांदेडला विद्यापीठात तिची ओपन व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा होती. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक कडक. म्हणाले, “फोटोवर मी विश्वास ठेवत नाही. मूळ कव्हरं कुठं आहेत?”

मी उठलो. दोन पुठ्ठ्यांत दाबून, धोतराच्या फडक्यात बांधून आणली होती. टेबलापर्यंत पोचायला मला वेळ लागला. गाठही लवकर सुटेना.

साहेबांनी कव्हरं उजेडात धरून बघितली. तारखा दोनदा वाचल्या.

“आपण कोण?”

“ही फाडणारा मीच, साहेब.”

साहेबांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग वैशालीला म्हणाले,

“डॉक्टर, आधी यांना पाणी द्या.”