कानातला आपलाच आवाज

नाटकाच्या तालमीत विंगेतून नंदाताई सूचना देतात आणि प्रेक्षागृहात मागे बसून मी दिवे सांभाळतो. आमचं बोलणं व्हावं म्हणून मी कान गच्च झाकणारे जुने हेडफोन आणि माइक लांब वायरीनं जोडले. पहिल्याच दिवशी नंदाताई ओरडल्या, "दिवे घालव रे!" रंगमंचावर मेलेला राजा दचकून उठून बसला.

"हळू बोला की!" मीही ओरडलोच.

चूक जोडणीत होती. समोरच्याचा आवाज स्वच्छ यावा म्हणून मी बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्याच्या हेडफोनमधून पार काढून टाकला होता. तो जरासा परत येऊ दिला, तशा नंदाताई कुजबुजू लागल्या. आपला आवाज थोडा तरी आपल्यापाशी परतावा लागतो. नाही परतला, तर माणूस त्याला शोधत मोठमोठ्यानं बोलत राहतो.

घरी आलो. बाबांना हल्ली ऐकू कमी येतं. मला बघून त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारलं, "चहा घेतोस का रे?"

"हळू" हा शब्द रोजच्यासारखा ओठांवर आला होता. तो गिळून मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांच्याइतक्याच मोठ्यानं म्हणालो, "घेतो की!"