सागवानी कान

माझा सागवानी हेडफोन आणि माझ्या साडभाऊंचा परदेशी अँप्लिफायर सध्या कुरखेड्याजवळच्या आमच्या सासुरवाडीत, देवघराखालच्या फळीवर, माझ्या कॅसेट डेकशेजारी, एका फडक्याखाली जोडीनं नांदताहेत. ते परत आणायचा विषय आम्ही दोघांनी अजून काढलेला नाही. एके काळी आम्ही एकमेकांच्या हेडफोनला बोटसुद्धा लावू देत नव्हतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या जोडीचं फार नवल वाटतं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर आणि मी चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा वर्ग शिकवणारा. दोघांनाही चांगल्या आवाजाचं वेड. आमच्या भागात तेव्हा चांगला आवाज म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीची काच हलवणारा आवाज. एकट्यानं कान झाकून ऐकण्यासाठी कोणी जीव टाकावा, हे लोकांना पटत नसे. "गाणं काय चोरून आयकाची वस्तू हाय का?" असं माझी बायको विचारायची आणि उत्तराची वाट न बघता निघून जायची.

दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले असतील. साडभाऊंना कारखान्यानं शिकायला परदेशात पाठवलं, आणि येताना ते लाकडी वाट्यांचा हेडफोन घेऊन आले. तांबूस लाकूड, कानाला लोण्यासारखं मऊ कातडं, ठेवायला मखमलीची पेटी. वाट्यांना मागून बारीक जाळी होती, म्हणजे आवाजाला श्वास घेता यावा म्हणून, असं ते म्हणाले. पेटी माझ्यासमोर ठेवून त्यांनी मला सांगितलं, "अगोदर हात धुऊन या."

मी हात धुतले. पण मनात ठरवलं, की या माणसाला लाकूड काय असतं ते दाखवायचं. सागवानाच्या जिल्ह्यात जन्मलो मी, आणि मला विलायती लाकूड दाखवता?

घरात एक मोडका पलंग होता, माझ्या आजोबांच्या लग्नातला. त्याचा एक खूर मी कापला. भंगारात मिळालेल्या एका जुन्या हेडफोनचे आतले पडदे शाबूत होते, फक्त प्लॅस्टिक फुटलं होतं. तो खूर घेऊन मी गावातल्या एका खरादीवाल्या चाचांकडे गेलो. पलंगाचे पाय आणि लाटणी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझं चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सर, इतनी छोटी ओखली में कूटोगे क्या?" तरी त्यांनी वाट्या सुरेख उतरवल्या. मागून बंद, जाड, तेल पाजलेल्या. हेडफोन इतका जड झाला की डोक्यावर घेतला की मान आपोआप खाली जायची. मला ते नम्रतेचं लक्षण वाटलं.

साडभाऊंनी तो ऐकला आणि म्हणाले, "झाकण ठेवलेल्या गंजात मुंडकं घातल्यासारखं वाटते."

मी म्हटलं, "आणि तुमच्याचा आवाज निम्मा मागच्या जाळीतून गळते. तुमी आयकता तेवढंच शेजारचाही आयकते, फुकटात."

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणे ठरलो असतो. पण हेडफोन आला की त्याला चालवणारा अँप्लिफायर आला. साडभाऊंकडे परदेशातूनच आणलेला ट्रान्झिस्टरचा होता, डब्याएवढा, चकचकीत, तापतसुद्धा नव्हता. माझा मी स्वतः बांधलेला, जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. चालू केला की व्हॉल्व्ह लालसर पेटायचे, आणि थंडीत त्यावर हात शेकता यायचे. खरी गोची अशी होती की हेडफोन आणि अँप्लिफायर यांचीही पत्रिका जुळावी लागते. साडभाऊंचा हेडफोन जास्त ओहमचा, म्हणजे उंचावरच्या टाकीसारखा, त्याला दाबानं चढवणारा पंप हवा. माझा कमी ओहमचा, म्हणजे धानाच्या बांधीसारखा, त्याला दाब नको, भरपूर वाहतं पाणी हवं. आता माझ्या व्हॉल्व्हमध्ये दाब भरपूर आणि धार बारीक, तर त्यांच्या डब्यात धार भरपूर आणि दाब बेताचा.

म्हणजे त्यांच्या हेडफोनला माझा अँप्लिफायर शोभत होता आणि माझ्या हेडफोनला त्यांचा. हे मी शिकवत होतो आणि ते इंजिनिअर होते, तेव्हा दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण कबूल कोण करणार? वर्षभर ते आपल्या घरी मुळमुळीत आवाज ऐकत राहिले, मी माझ्या घरी घोगरा. भेटलो की दोघंही आपापल्या आवाजाचं कौतुक करायचो.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी गावात बाजार, घरात पाहुणे आणि रात्री नाटक. मंडईला लेकी-जावयांना बोलावणं असतंच. त्या वर्षी साडभाऊंच्या गाडीतून आम्ही दोन्ही कुटुंबं निघालो, बायकांनी पिशव्या मांडीवर घेतल्या आणि डिकीत दोन हेडफोन, दोन अँप्लिफायर आणि माइकसकट माझा कॅसेट डेक गेला. सासऱ्यांपुढे निकाल लावायचा असं ठरलं होतं.

वाटेत जंगलखात्याच्या नाक्यावर गार्डनं डिकी उघडायला लावली. मखमलीच्या पेटीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. माझा हेडफोन मात्र उचलून नखानं खरवडला.

"सागवान हाय ना हे?"

"अस्सल," मी छाती फुगवून म्हणालो.

"मंग वाहतुकीचा परवाना कुठी हाय?"

तो पलंगाचा पाय होता, हे त्याला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी त्यानं एक वाटी कानाला लावली, थोडा वेळ वाट पाहिली, "काईच नाई येऊन राह्यलं," म्हणाला आणि सोडून दिलं. साडभाऊ पार वडसा गाव येईपर्यंत हसत होते. "अख्ख्या दुनियेत परवाना लागणारा हा एकच हेडफोन असन," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आता मामाजींबद्दल सांगायला हवं. आमचे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत पंपावर नोकरी केली, निवृत्त झाले आणि गावी येऊन धान लावू लागले. उभा जन्म पंपाजवळ काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. पण ते त्यांना मान्य नव्हतं. "मले सगळं आयकू येते. लोकंच तोंडातल्या तोंडात बोलतेत," असं ते ठणकावून सांगायचे. डॉक्टरनं दिलेलं कानातलं मशीन त्यांनी पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी ठेवलं होतं. पूर्वी मंडईच्या नाटकाला सर्वांच्या पुढे बसणारा हा माणूस आता नाटकाला जात नव्हता. आजकालचे नट शब्द गिळतात, अशी त्यांची तक्रार होती.

पोहोचल्यावर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर मामीजी, म्हणजे सासूबाई, चुलीपुढे बसल्या होत्या. घसा बसलेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "यायच्याशी बोलाचं म्हणजे गावात दवंडी द्या लागते, जवाई. परवा यायले इचारलं, अजी, पोट साफ झालं का? तं रस्त्यापलीकडून शेजारी म्हणते, माह्यं झालं, बाई."

मी हसलो, त्याही हसल्या. मग चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "किती वर्सं झाली, एक गोठ हळू बोलली नाई मी माह्या नवऱ्याशी. काई काई गोठी ओरडून सांगता येत नाईत ना." त्यानंतर त्या हसल्या नाहीत. मला वाईट वाटलं, आणि मी झिंग्याच्या चटणीचं कौतुक करून बाहेर आलो.

दुपारी जेवणं झाल्यावर छपरीत, घरापुढच्या ओसरीवर, परीक्षा मांडली. मामाजी खाटेवर पाय दुमडून न्यायाधीशासारखे बसले. मी बासरीची कॅसेट लावली. आवाज आम्ही बेताचाच ठेवला, कारण जाणकार माणूस आवाज कधी वाढवत नाही, असा आम्हा दोघांचाही गर्व होता. आधी माझा हेडफोन माझ्या अँप्लिफायरवर. मामाजींनी डोळे मिटले, मान डोलावली, म्हणाले, "बढिया." मग साडभाऊंचा त्यांच्या डब्यावर. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मान. "हेही बढिया." दोन्ही जावयांना सारखा मान, असा त्यांचा न्याय होता.

"असं नाई चालत, मामाजी. एक नंबर कोण ते सांगा," साडभाऊ ओरडून म्हणाले आणि आपला हेडफोन त्यांनी पुन्हा मामाजींच्या डोक्यावर चढवला. मामाजी या वेळी जास्तच रंगले. मांडीवर ताल धरला, एका ठिकाणी तर "वा" म्हणाले. मी खाली पाहिलं. हेडफोनची पिन अँप्लिफायरमधून निघून जमिनीवर पडली होती.

मी साडभाऊंकडे पाहिलं. त्यांनीही पिन पाहिली होती. एरवी माझ्या डेकवर सुराची पट्टी एवढीशी सरकली तरी गावभर सांगणारा हा माणूस, पण त्यांनी हळूच पाय लांबवून ती पिन खाटेखाली सारली. आमच्या सोयरिकीत आम्ही दोघं एकमतानं वागल्याची ती पहिलीच वेळ असावी. मामाजी ताल धरून होते. त्या मांडीवर पडणाऱ्या थापेकडे मला बघवेना.

दारात मामीजी उभ्या होत्या. त्यांनी पिनही पाहिली होती आणि पायही. ओठावर बोट ठेवून त्यांनी मान हलवली. यायले कळू देऊ नका, एवढंच.

मी साडभाऊंना अंगणात नेलं आणि मामीजींनी चुलीपुढे सांगितलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग मान वर न करता म्हणाले, "डेकले माइक लागते ना तुमच्या?"

"लागते."

"हेडफोन कोणता घ्याचा?"

हा प्रश्न विचारताना त्यांना काय यातना झाल्या असतील ते मीच जाणे. मी म्हटलं, "तुमच्या जाळीतून आवाज बाहेर येईन. मंग गाव आयकूनच राह्यलं."

"म्हणजे तुमचा गंज," ते म्हणाले. "पण तुमचा व्हॉल्व्ह त्याले पुरत नाई. घोगरा येते." मग घशात अडकलेला काटा काढावा तसं म्हणाले, "माह्या डब्याले लावा."

वर्षभराचं भांडण असं मिटलं, आणि दोघांपैकी कोणालाही जिंकल्यासारखं वाटलं नाही. आम्ही एकमेकांकडे न बघता तारा बदलल्या.

मामाजींना सांगितलं की आता शेवटची फेरी, माइकची परीक्षा, आणि बोलणार मामीजी. सागवानी वाट्या त्यांच्या कानांवर बसल्या, मान खाली गेली. या वेळी गर्व बाजूला ठेवून मी बटण चांगलं पुढं फिरवलं. मामीजींनी पदराला हात पुसले, माइक हातात घेतला आणि सवयीनं अंगणापलीकडे जाईल असा आवाज काढला, "अजी!"

मामाजी खाटेवरून वीतभर उडाले. "काऊन बोंबलते?" ते ओरडले. "मी का बहिरा हाय?"

माझी बायको आणि तिची बहीण दारात येऊन थबकल्या. मामाजींनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग स्वतःच्या कानांवरच्या लाकडाला हात लावून पाहिला. ते काढतील असं मला वाटलं. त्यांनी ते काढलं नाही. उलट दोन्ही तळहातांनी ते कानांवर घट्ट दाबलं आणि मामीजींकडे बघत राहिले.

मामीजी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. माइक ओठांपाशी नेला, वरून पदर ओढून घेतला आणि काहीतरी बोलल्या. किती हळू बोलल्या म्हणून सांगू? मी हातभर अंतरावर होतो, मला एक अक्षरसुद्धा ऐकू आलं नाही. बोलणं बरंच लांबलं. मामाजी आधी ताठ बसले होते. मग त्यांचे खांदे सैल झाले, डोळे मिटले. मघाशी बासरीला मिटले होते तसे नाही.

मग तेही बोलले. कित्येक वर्षं या माणसाला मी ओरडतानाच ऐकलं होतं, कारण ऐकू न येणारा माणूस स्वतःही ओरडून बोलतो. त्या दुपारी ते इतक्या हळू बोलले, की मामीजींना पुढे वाकावं लागलं. मामीजींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत, ते पदरामुळे कळलं नाही.

साडभाऊ मला चिकटून उभे होते. कान टवकारून त्यांची मान एवढी लांब झाली होती की शेवटी त्यांना राहवेना.

"का म्हणाल्या हो?" त्यांनी माझ्या कानात विचारलं.

मी म्हटलं, "सागवान हाय, साडभाऊ. बाहेर काई येत नाई."