पुस्तकातून शिकलेली पेटी

पेटी पुस्तकातून शिकता येत नाही, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी ते माझ्यासमोर येऊन मांडावे. मी तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून अर्ज लिहितो. शाळा नववीत सुटली. वारसनोंदीचा अर्ज कसा लिहावा, बांधाच्या तक्रारीत कोणता मुद्दा आधी घ्यावा, हे मला कोणा गुरूने सांगितले नाही. नमुना अर्जांचे एक पुस्तक होते, ते मी पाने सुटेपर्यंत वाचले. आज शिरवळपासून लोणंदपर्यंतची माणसे माझे टेबल शोधत येतात आणि माझा मसुदा हातात पडला की कारकूनही खुर्चीत सरळ बसतो. सबब, छापील अक्षरावरचा माझा विश्वास अनुभवातून आलेला आहे.

आमच्या गावात मारुतीच्या देवळात दर गुरुवारी भजन होते. एक निवृत्त हवालदार पेटीही वाजवायचे आणि गायचेही. गेल्या थंडीत त्यांची बोटे आखडली. पुढे फक्त गाईन, पेटीला दुसरा बघा, असे त्यांनी सांगून टाकले. गावात दुसरा कोणी नव्हता. शेजारच्या गावचा पेटीवाला आणायचा, असे घाटू लागले. मी त्या भजनात मागे बसून टाळ वाजवत म्हातारा होत चाललो होतो आणि नजर कायम पेटीवर असे. त्या जागेवर परगावचा माणूस बसलेला मला चालणार नव्हता.

आमच्याकडची रीत अशी की, शिकणाऱ्याने जुन्या पेटीवाल्यापुढे नारळ ठेवायचा आणि मग त्याच्यासमोर बसून महिनोन्‌महिने नुसता भाता हलवायचा. पट्टीला बोट लावायची परवानगी त्यानंतर. मी देवळाच्या पायरीवर हवालदारांना म्हणालो, “पेटी मी वाजवतो. शिकून घेतो.”

“मग नारळ आण,” ते म्हणाले.

“नारळाची गरज न्हाई. पुस्तकं मिळत्यात शिकायची.”

शेजारी पखवाज वाजवणारा बसला होता, तो हसला. “आवं, आन् सूर चुकला तर काय अपील करणार व्हय?”

एका अशिलाच्या कामासाठी सांगलीला जाणे झाले, तेव्हा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला हवे ते सापडले. मुखपृष्ठ गेलेले, पण आतले धडे शाबूत. कोणत्या बोटाने कोणती पट्टी दाबायची याची चित्रे होती, बोटांना आकडे घातलेले होते. तसाच मिरजेला जाऊन एक वापरलेली पेटी घेतली आणि मांडीवर घेऊन एसटीने परत आलो.

पहिला धडा निर्दोष झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम मी केला. पत्नी म्हणाली, “मोबाईलवर बघा की, फुकट शिकवत्यात.” मी तिला सांगितले की मोबाईलमधला माणूस आपला पुढे पळतो. पुस्तक मी बोट ठेवले तिथे थांबते. तिने दार लोटून घेतले, पण आवाज कमी करा असे कधी म्हणाली नाही.

सगळे धडे संपल्यावर एका गुरुवारी मी पेटीपुढे बसलो. हवालदारांनी आलाप घेतला. मी पुस्तकाप्रमाणे पांढऱ्या एकवर, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवर, सा धरला. ते एकीकडे, मी दुसरीकडे. टाळ थांबले.

“अर्ज चुकीच्या टेबलावर आला,” पखवाजवाला म्हणाला आणि सारे देऊळ हसले.

हवालदार हसले नाहीत. “रं गड्या, आमी काळी पाचात गातो. तू पांढरी एकात बसलायस. आता तरी नारळ आणतोस का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “पुढच्या गुरुवारी येतो.”

“पुढच्या गुरुवारी शेजारगावचा पेटीवाला यायचाय.”

“येऊ दे. आधी मला ऐका, मग त्याला.”

घरी येऊन मी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचले. सुरुवातीलाच छापले होते की सा कोणत्याही पट्टीवर धरावा, स्वरांमधले अंतर तेवढेच राखावे. नमुना अर्जात गावाच्या नावाची जागा रिकामी असते, तिथे आपले गाव भरायचे असते. हेही तसेच होते. पुस्तक चुकले नव्हते, त्याने जागा मोकळी सोडली होती. मी ती काळी पाच भरून टाकली. मग एकेक अंतर मोजत गेलो. रे पुढच्या पांढऱ्या एकवर आला, ग पांढऱ्या दोनवर, म काळ्या दोनवर. चित्रातले बोटांचे आकडे मात्र जुळेनात, कारण काळ्या पट्टीवर अंगठा नीट बसत नाही. सुरुवात दुसऱ्या बोटाने केली, पुढची बोटे त्यामागे बसवली, आणि नवे आकडे चित्रांवर शाईने घातले.

गुरुवारी शेजारगावचा पेटीवाला खांबाला टेकून बसला होता. मी पुस्तक पेटीवर उघडे ठेवले.

“पुस्तक आत ठेवा, भजन हाय हे,” पखवाजवाला म्हणाला.

“राहील तिथंच,” मी म्हणालो आणि काळी पाच दाबली.

हवालदारांनी सूर लावला. तो माझ्या सुराला येऊन मिळाला. पहिला अभंग तुटला नाही. दुसऱ्यात पान उलटताना माझा हात क्षणभर सुटला. त्यांनी तेवढी ओळ पेटीवाचून ओढून नेली आणि मी पुढच्या ओळीला त्यांना गाठले. तिसऱ्या अभंगाला शेजारगावच्या पेटीवाल्याने कोणाचा तरी टाळ मागून घेतला.

भजन संपल्यावर हवालदार म्हणाले, “पान उलटताना हात सुटतो. तेवढं बघ. पुढच्या गुरुवारी वेळेत ये.” मग म्हणाले, “नारळ ठेवलाच न्हाईस शेवटपर्यंत.”

“ठेवला. घरी, पुस्तकापुढं.”

“मग परसाद कुठाय?”

“चटणीत गेला.”

ते पहिल्यांदा हसले. देवळातल्या पेटीला कापड घालून मी ती माझ्या हाताने तिथल्या कपाटात ठेवली. पुस्तक बरोबर घेऊन आलो. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा उघडे ठेवणार आहे, सर्वांना दिसेल असे.