आमचा लीडर खालीच थांबतो

लोक डोंगरावरून फोटो घेऊन येतात, आम्ही किस्से घेऊन येतो. कारण फोटो काढायच्या वेळेला आमच्यातलं कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असतं! बरं, किस्सा घडला तेवढाच राहील असंही नाही. परतीच्या गाडीत तो एकदा सांगून होतो, पिरंगुटला चहाला थांबलो की दुसऱ्यांदा होतो, आणि भूगावला घरी पोचेपर्यंत त्यात दोन माणसं आणि एक साप वाढलेला असतो. मी इथे सांगतेय ते सगळं चहाच्या आधीचं आहे. विश्वास ठेवायला हरकत नाही.

आमचा ग्रुप लहानच. दिलीप, म्हणजे माझा नवरा, पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटीला. शोभाताई आमच्या शेजारच्या. मंदार अकोल्याचा, आयटीवाला, वरच्या मजल्यावर राहतो. आणि बबनराव. त्यांच्या भातखाचरावर आमची सोसायटी उभी आहे. खाचर गेलं, पैसे आले, मोठी गाडी आली, पण बबनरावांना संध्याकाळी खाचराकडे चक्कर मारायची सवय, ती काही गेली नाही. रोज आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभे राहायचे. एकदा दिलीपने विचारलं, "रविवारी डोंगरावर येता का?"

"वर काय हाय?" बबनराव म्हणाले.

"व्ह्यू."

"आन् खायला?"

"शोभाताईंची थालीपीठं."

"मग येतो की!"

ग्रुप काढला दिलीपने. कुठे जायचं, कधी निघायचं, कुणी किती पाणी घ्यायचं, सगळं तोच ठरवतो. बूट सगळ्यात भारी त्याचे, काठी त्याची, गळ्यात शिट्टीसुद्धा त्याच्याच. अडचण एकच. आमचा लीडर एकाही डोंगराच्या माथ्यावर कधी पोचलेला नव्हता!

त्याला उंचीची भीती आहे. आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तो येत नाही, टॉवेल हवा असेल तर आतून हात लांब करतो. डोंगरावर झाडी असेपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे असतो. झाडी संपून एका अंगाला दरी दिसायला लागली की त्याला कामं आठवतात. कोरीगडाला तर चांगल्या बांधलेल्या पायऱ्या आहेत, शाळेतली पोरं उड्या मारत जातात. तिथे अर्ध्यावर हा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी गाडीच्या काचा लावल्यात का बघून येतो."

गाडी बबनरावांची होती, आणि बबनराव दिलीपच्या शेजारीच उभे होते.

आम्ही कुणी काही बोलत नसू. पण मला माहीत होतं, त्याला किती मनापासून वर जायचंय ते. दिवाळी झाली की तो रिटायर होणार होता आणि आम्ही त्याच्या आईजवळ लातूरला राहायला जाणार होतो. तिकडे डोंगर शोधावा लागतो. "जायच्या आत एकदा तरी माथ्यावर उभं राहायचंय गं," असं तो दर शनिवारी रात्री बूट पुसताना म्हणायचा.

*

घनगडाकडे जाताना एका वाडीतून आमची वाट होती. दारात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाच मोठी माणसं काठ्या घेऊन, माना वर करून डोंगराकडे निघालेली बघून त्यांनी विचारलं, "काय रं, म्हस हरावली का?"

आता फिरायला आलोय म्हणायचं की नाही? पण बबनरावांची तिथं लांबची सोयरीक. रिकामं फिरायला आलोय असं सोयऱ्यांत कळलं तर काय इज्जत राहणार! ते पटकन म्हणाले, "व्हय आज्जी. कालपास्नं सापडंना."

आम्ही निघून गेलो आणि विसरूनही गेलो. दुपारी खाली उतरतोय तर वाडीत हीऽऽ गर्दी. सकाळपासून वाडीतले सगळे बाप्ये रानात पांगले होते. आणि मधोमध, घामाघूम झालेल्या चार जणांनी धरलेली, एक भलीमोठी म्हैस!

"ही घ्या तुमची म्हस," आजी म्हणाल्या. "लई मारकी हाय हो. कशी सांभाळता?"

बबनरावांनी म्हशीकडे पाहिलं, म्हशीने बबनरावांकडे. मग ते गंभीरपणे म्हणाले, "आमची न्हाई ही. आमची गरीब होती." आणि गाडीत जाऊन बसले. म्हैस कुणाची होती, हे आजतागायत आम्हाला कळलेलं नाही.

*

शोभाताई संक्रांतीनंतरच्या रविवारी तिकोन्याला हळदीकुंकू घेऊन आल्या. सॅकमध्ये करंडा, तिळगूळ आणि वाण म्हणून प्लॅस्टिकच्या साबणदाण्या. वर जाताना जी बाई भेटेल तिला थांबवायचं, कुंकू लावायचं, साबणदाणी द्यायची. ट्रेकिंगच्या कपड्यांतल्या बायका हातात साबणदाणी घेऊन गड चढतायत, असं दृश्य तिकोन्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

वरती एक मुलगी म्हणाली, "काकू, माझ्या आईलाही द्या ना. ती खाली दमून बसलीय, वर येत नाही म्हणते."

"वाण असं परस्पर देत नाहीत," शोभाताई म्हणाल्या, आणि करंडा घेऊन तरातरा खाली गेल्या. त्या बाईंना कुंकू लावलं, साबणदाणी दिली, गप्पा मारत मारत हाताला धरून माथ्यावर घेऊनही आल्या!

त्या बाई बसल्या होत्या त्याच दगडावर, त्यांच्या शेजारी, आमचा लीडर बसलेला होता. तो म्हणे शोभाताईंना म्हणाला, "वाण मिळालं म्हणून त्या गेल्या. मला काय मिळणार?"

शोभाताईंनी त्यालाही एक साबणदाणी दिली. दिलीपने ती घेतली, बघितली, सॅकमध्ये नीट ठेवली आणि तिथेच बसून राहिला. आमच्या बाथरूममध्ये आहे ती अजून.

*

घनगडाला आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा वाडी टाळून लांबच्या वाटेने गेलो. का, ते सांगायला नको. तिथे कातळाला एक लोखंडी शिडी लावलेली आहे. त्या दिवशी दिलीपने मनाचा हिय्या केला होता. त्याच वेळी मंदारची ऑफिसची मीटिंग लागलेली. रविवारी! घरी बसलोय असं त्याने साहेबाला सांगितलेलं, आणि कानात यंत्र खुपसून तो शिडीच्या बाजूला रेंज धरून उभा होता.

दिलीप शिडी चढायला लागला. दोन-तीन पायऱ्या चढला आणि थिजलाच. खालून बबनराव ओरडले, "साहेब! खाली बघू नका! धरलंय ते सोडू नका! तुमी एकटं न्हाई, आमी हाय मागं!"

मंदारचा माईक चालू राहिला होता.

ते सगळं म्हणे मीटिंगमध्ये ऐकू गेलं. प्रोजेक्ट तसाही रखडलेला होता. साहेब भरल्या आवाजात म्हणाला, "मंदार, हे जे कोण बोलले ना, त्यांना पुढच्या मीटिंगलाही बोलव."

आम्ही पोट धरून हसलो. दिलीपही हसला, पण शिडीवरून उतरल्यावर. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसून होता. पिरंगुटला चहासुद्धा नको म्हणाला. मला फार वाईट वाटलं. थट्टा करायला मीच पुढे असते, पण त्या दिवशी त्याची सॅक मीच उचलून घरात आणली.

*

म्हणून मी ठरवलं, याची प्रॅक्टिस घ्यायची. आमच्या सोसायटीची गच्ची! एका सुट्टीच्या दुपारी त्याला वर नेलं. कठडा छातीपर्यंत उंच, काळजीचं कारण नाही. पण हा पाण्याच्या टाकीला मिठी मारून, डोळे मिटून उभा.

"डोळे उघड आणि कठड्यापर्यंत जा," मी म्हटलं.

"नाही जमणार."

"जमेल! जा पुढे! अजून पुढे! अरे, काही होत नाही!"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा आवाज मुळातच चार वर्गांना पुरेल असा आहे. तो खाली गेटपर्यंत गेला. नवीन आलेला वॉचमन धापा टाकत वर आला आणि हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, गुस्सा छोड दीजिए! साहब बहुत अच्छे आदमी हैं!"

मागोमाग सेक्रेटरीही आले. त्यांनी दिलीपला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "घरी काही त्रास आहे का?"

दिलीपने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आता काय सांगू!" सोसायटीतल्या निम्म्या बायका त्यानंतर महिनाभर माझ्याशी बेतानेच बोलत होत्या.

*

आता याच भाद्रपदातली गोष्ट. गणपती झाले होते. आमचं सामान बांधायला सुरुवात झालेली, त्यामुळे जायच्या आधीची ही शेवटची चढाई हे सगळ्यांनाच माहीत होतं. बबनराव म्हणाले, "या खेपेला माझ्या मामाच्या गावचा डोंगर. भैरीचा डोंगर. लहानपणी तितं गुरं राखलीत मी. डोळं झाकून नेतो सगळ्यास्नी."

धरणाच्या मागच्या अंगाला, पार आत आहे ते गाव. डोंगर सोपा होता, गवताचा. सोनकीच्या फुलांनी सगळा पिवळा झालेला. आणि धुकं असं, की पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसावी. दिलीपची कळी खुलली होती. दरी दिसतच नव्हती, त्यामुळे तो शिट्टी वाजवत पुढे चालला होता. मला वाटलं, आज होतंय! मी मनातल्या मनात भैरीला नारळसुद्धा बोलले.

चढ संपून जरा सपाटी लागली. एक मोठा कातळ होता. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, एका अंगाचं धुकं क्षणभर फाटलं आणि खाली कुठेतरी खोल धरणाचं पाणी चमकलं.

झालं! दिलीप जागच्या जागी खाली बसला. कातळाला दोन्ही हात लावून म्हणाला, "मी इथेच थांबतो. तुम्ही माथ्यावर जाऊन या."

"अहो, आता थोडंच राहिलं असेल," शोभाताई म्हणाल्या.

"नको. खरंच नको. आपला शेवटचा ट्रेक माझ्यापायी अर्धा राहायला नको."

मी म्हटलं, मीही थांबते. तर तो चिडला. "तू जा वैशाली! आपल्यातल्या एकाने तरी जायला पाहिजे." त्याचा आवाज जरा ओला झाला होता. मी रेनकोटची टोपी त्याच्या डोक्यावर नीट केली, फोनला रेंज आहे ना बघितलं आणि निघाले. माझ्या पायातला उत्साह तिथेच, त्याच्याजवळ राहिला होता.

बबनराव पुढे, मागे आम्ही तिघं. वाट उतरायला लागली.

"बबनराव, आपण उतरतोय का?" मंदारने विचारलं.

"जरा उतार हाय हितं. म्होरं मेन चढ लागतोय."

आम्ही उतरत राहिलो. गुडघे दुखायला लागले. शोभाताई म्हणाल्या, "अहो, हे फारच उतरतंय!"

"वैनी, मी हितं गुरं राखलीत!"

मंदारने फोनमधला नकाशा काढला. निळा ठिपका हिरव्या रंगात नुसता उभा होता. "भाऊ, याच्यात तर इथं डोंगरच नाही दाखवत," तो म्हणाला. बबनराव म्हणाले, "ते फोनला काय म्हाईत!" आणि आम्ही आणखी उतरलो.

शेवटी एक खिंड लागली. तिथे एक बाई गवताचा भारा बांधत होती. बबनरावांनी तिला थाटात विचारलं, "मावशे, भैरीच्या डोंगराचा माथा कुटं आला?"

तिने आमच्याकडे असं पाहिलं, की घनगडच्या आजींची मला आठवण झाली. मग तिने विळा आमच्या पाठीमागे रोखला. "ह्यो काय! तितनंच तर उतारलासा न्हवं?"

आम्ही मागे वळलो. त्याच वेळी धुकं वर वर सरकायला लागलं. आधी पिवळी उतरण दिसली, मग काळा कातळ, मग त्याच्यावर फक्त निळं आभाळ. चारही बाजूंना काही नाही. आणि त्या सगळ्याच्या वर, अगदी टोकाला, एक भगवा ठिपका बसलेला. दिलीपचा रेनकोट!

शोभाताईंनी माझा हात घट्ट धरला. बबनरावांनी टोपी काढली. मी ओरडणार होते, पण ओरडले आणि तो दचकला तर? धुकं आता त्याच्याही भोवतीनं निघून गेलं होतं. धरण, घाट, सगळं त्याच्या पायाशी उघडं पडलेलं असणार. तो अजून बसूनच होता. माझे डोळे भरून आले आणि नेमकं दिसायच्या वेळेला दिसेना.

"उठले, ताई," मंदार हळूच म्हणाला.

मी डोळे पुसून पाहिलं. तो उभा होता. कशालाही न धरता. सावकाश, एक एक पाऊल सरकवत, तो स्वतःभोवती पूर्ण फिरला. मग आमच्याकडे तोंड करून थांबला.

माझा फोन वाजला.

"वैशाली," दिलीप म्हणाला, "अगं, तुम्ही सगळे केवढेसे दिसताय!"